सही करण्याआधी

इंदूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय विनू,

सप्रेम सलाम.

दाजींच्या कर्जाला जामीन राहायचं की नाही, यावर तू प्रार्थना करतो आहेस आणि माझं मत विचारलं आहेस. माझं मत, राहू नकोस. पतपेढीत कर्जखातं सांभाळणाऱ्या माणसाकडून तुला दुसरं काय ऐकायला मिळणार म्हणा! पण शास्त्रही माझ्याच बाजूला आहे.

आधी कायदा. जामीनदार म्हणजे चांगल्या वर्तणुकीची खात्री देणारा साक्षीदार, असं आपल्याकडे भल्याभल्यांना वाटतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ काढून बघ. करारात वेगळं ठरलं नसेल, तर कर्जदाराचं देणं जेवढं, तेवढंच जामीनदाराचं. हप्ते थकले की बँक आधी दाजींच्या मागे लागेल आणि मग तुझ्याकडे वळेल, असं काही नाही. ती थेट तुझ्या दारात उभी राहू शकते. शिवाय ते कर्ज तुझ्याही सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदीत, दिसतं. उद्या बाबांच्या आजारपणासाठी तुला कर्ज लागलं तर?

आता बायबलमधल्या नीतिसूत्रांचा २२ वा अध्याय उघड, शेवटची काही वचनं. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस, फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही काढून नेतील, असं तिथं बजावलेलं आहे. तुझ्या घरी त्या अंथरुणावर बाबा आहेत, विनू.

तू पौलाचा दाखला दिलास. दास अनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, असं तो त्याच्या मालकाला, फिलेमोनाला पत्रात लिहितो, हे खरंच. पण पुढचं वचन वाच. मी स्वतः फेडीन, असं तो आपल्या हातानं लिहून देतो. ‘अनेसिम फेडेलच, तू निर्धास्त राहा’ असं म्हणत नाही. सगळी रक्कम स्वतः भरायची आणि ताईजवळ त्याचा कधी उच्चारही करायचा नाही, एवढी तयारी आणि ऐपत असेल तर खुशाल सही कर. ‘देव बघून घेईल’ हे कलम बँकेच्या कागदात नसतं. (आमच्या इथं एका भाविक गृहस्थांनी अगदी हेच म्हणत सही केली होती. नोटीस मात्र त्यांच्याच नावानं निघाली.)

दाजींना रिकाम्या हातानं पाठव असं मी म्हणत नाही. झेपेल तेवढी रक्कम ताईच्या हातात ठेव, परतीची अपेक्षा सोडून. आणि नकार स्वतः, समोर बसून दे. वहिनीला पुढे करून ‘हिचा विरोध आहे’ असं सांगू नकोस. होय तर होय, नाही तर नाही, हे डोंगरावरचं प्रवचन आपण लहानपणी पाठ केलं होतं ना?

बाबांसाठी रात्रीचा माणूस ठेवलास, त्याचं तुला इतकं का लागलं आहे? म्हणे, मुलगा असून परक्याच्या हाती दिलं. अरे, येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या जखमी परक्यासाठी काय केलं? जखमा बांधल्या, उतारशाळेत नेऊन स्वतः काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला दोन नाणी दिली, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेनं गेला. त्याला कोणी अर्धवट शेजारी म्हटलं नाही. आमच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर खेपेला चार तास. सगळ्या खेपांना मीच बसलो असतो तर नोकरी राहिली नसती. एक पाळी भाची करते, एक शेजारच्या काकू. आईला काकूच जास्त आवडतात, कारण त्या ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं म्हणू देतात. इथली उपासना हिंदीत, त्यामुळे मराठी गाणं डायलिसिसच्या खुर्चीतच होतं.

बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, तर आयुष्मानचं कार्ड काढलं आहेस का? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्यांना उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार कार्ड पुरतं. मात्र दाखल व्हावं लागतं, नुसत्या तपासणीचा आणि बाहेरच्या औषधांचा खर्च आपलाच. हे याच आठवड्यात कर, प्रार्थनेत वाट बघत बसू नकोस.

राहिलं तुला देऊ केलेलं चर्चच्या मंडळीचं सचिवपद. पाळकसाहेबांना सध्या नाही म्हण. आईवडिलांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूनं मार्क ७ मध्ये काय सुनावलं आहे, ते त्यांनाही ठाऊक आहे. रागावणार नाहीत. रागावलेच तर हिशेब तपासायला दोन तास येतो म्हण, तेवढं तुला जमेल.

दाजी शनिवारी येणार म्हणालास. त्याआधी बँकेच्या कागदांचे फोटो मला पाठव. जामीनाऐवजी दुसरं काय तारण चालेल, ते बघून सांगतो. ताईचं सोनं तेवढं मध्ये आणू नका.

बाबांना सलाम. वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधा