सतराव्या वर्षी फोटो छापता, एकोणिसाव्या वर्षी पोरगं कुठं असतं ते पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या स्पोर्ट्सच्या पानावर स्पेनचा फुटबॉलपटू लमिन यमाल, त्याचा अर्धं पानभर फोटो आला, खाली पंधराव्या वर्षी बार्सिलोनाकडून खेळला वगैरे. फोटो झकास होता, तक्रार त्याची नाही. पण माझं बेळगावात शहापूरला स्पोर्ट्सच्या सामानाचं छोटं दुकान आहे आणि सोमवारी सकाळी शटर वर करतोय तोवर एक गृहस्थ पेपर घेऊनच हजर, मामा आमच्या पोराला असं कुठं घालायचं, एक वर्षात होईल काय. पोरगं शेजारी उभं, वय अकरा, स्टड म्हणजे फुटबॉलचे बूट बघायला लागलेलं. आता काय सांगायचं.

तुमच्या बातमीत एक गोष्ट राहून गेली बघा. यमाल एप्रिल 2023 मध्ये पहिल्यांदा मेन टीमकडून उतरला ते शेवटची काही मिनिटं, आणि त्याच्या आधी आठ-नऊ वर्षं तो त्याच क्लबच्या अकॅडमीत वाढला होता, ला मासियामध्ये, सात वर्षांचा असल्यापासून. 2024 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा कप, खेळायला जर्मनीला गेला तेव्हा सुद्धा शाळेचा अभ्यास सोबत होता, आपल्या दहावीसारखी परीक्षा असते तिकडं. फ्रान्सला गोल मारला, सतरावा वाढदिवस झाला, दुसऱ्या दिवशी फायनल जिंकली. हे सगळं खरं आहे पण हा करोडात एक, त्याच्यावर पोराचा हिशेब मांडायचा नसतो.

हिशेब मांडायचाच तर कोल्हापूरच्या अनिकेत जाधववर मांडा की. निपाणी ओलांडली की कोल्हापूर, म्हणजे आपल्यातलाच म्हणायचा. लहानपणी घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2017 ला भारतात अंडर 17 वर्ल्ड कप झाला त्यात देशाकडून खेळला. आपली टीम अमेरिकेकडून 3-0 हरली, कोलंबियाकडून 2-1, घानाकडून 4-0, तरी पोरांचं कौतुक देशभर झालं, आपल्याकडंही झालं, कोल्हापुरात तर विचारूच नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या इंडियन ॲरोज टीमकडून आय-लीग ह्या देशातल्या क्लबांच्या लीगची पहिली मॅच, गोव्यात बांबोळीला चेन्नई सिटीला 3-0 हरवलं, त्यातले दोन गोल ह्याचे. चोर्ला घाट उतरलं की पोचलो असतो आपण, पण इथल्या किती जणांना माहीत होतं की असली मॅच आहे.

पुढं काय झालं? 2019 ला इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं ट्रेनिंगला जाऊन आला, मग जमशेदपूर, मग हैदराबाद, 2022 ला हैदराबादनं आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग जिंकली त्या टीमच्या स्क्वॉडमध्ये होता. मला म्हणायचंय ते इथंच आहे. वर्ल्ड कप खेळलेल्या पोराला सुद्धा सतरा ते बावीस ही वर्षं क्लब बदलत, कधी पहिल्या अकरात, कधी बेंचवर बसून काढावी लागली आणि ह्याला कुणी अपयश म्हणत नाही, प्रोफेशनल फुटबॉल असाच असतो. सुनील छेत्री बघा, 2002 ला मोहन बागानमध्ये गेला, देशासाठी नव्वदच्या वर गोल मारले, पण पोर्तुगालला स्पोर्टिंगकडं गेला तेव्हा बी टीममध्येच मोजक्या मॅचेस मिळाल्या, परत आला आणि बंगळूरला पुन्हा उभा राहिला. आणि 2025 च्या जुलैमध्ये तर आख्खा आयएसएलचा सीझनच लटकला, फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी ह्यांच्यातला करार संपायला आलेला म्हणून, काही क्लबांनी पगार थांबवले. वीस वर्षाच्या पोरानं अशा वेळी घरी काय सांगायचं?

ह्यात आपल्या भागाची वेगळी अडचण आहे. सीमाप्रश्नात मी शिरत नाही, तो कोर्टात आहे, कोर्ट बघेल. पण फुटबॉलची पण एक सीमा आहे. बेळगावचं पोरगं कर्नाटकच्या असोसिएशनकडं रजिस्टर होतं, म्हणजे स्टेट टीमच्या ट्रायलला रात्रभर बसमध्ये बसून बंगळूर, पाचशे किलोमीटर. कोल्हापूर आणि गोवा दोन्ही तीन तासाच्या आत, दोन्हीकडं आपल्यापेक्षा जास्त फुटबॉल, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅचला तिकीट काढून माणसं बसतात, पण कागदावर ती दुसरी राज्यं. खेळायला जाता येतं, नाही असं नाही, ट्रान्सफरचे कागद करायला लागतात, आणि ते कागद कुणी आणि कधी करायचे हे आपल्याकडं बापालाही माहीत नसतं आणि बऱ्याच वेळा कोचलाही नसतं.

कागदावरनं आठवलं. फिफा म्हणजे जगातल्या फुटबॉलची संघटना, तिचा नियम आहे की प्रोफेशनल झालेल्या खेळाडूला बारा ते एकवीस ह्या वयात ज्या क्लबांनी शिकवलं त्यांना ट्रेनिंगचा मोबदला मिळू शकतो. आपल्याकडं एखादा रिटायर्ड माणूस पेन्शनमधनं बॉल आणून लेले ग्राउंडवर पोरं घडवतो, रजिस्ट्रेशन काही नाही, मग पोरगं मोठं झालं तरी त्याच्या हाताला काय लागणार, एक हार आणि नारळ. दुसरा नियम बापांनी भिंतीवर चिकटवून ठेवावा असा, अठराच्या आतल्या पोराला परदेशी क्लब सहजासहजी घेऊ शकत नाही, मोजके अपवाद आहेत तेवढेच. तरी मागच्या वर्षी एकजण बाहेरनं येऊन स्पेनचा कॅम्प, तिथल्या क्लबमध्ये सिलेक्शन असं सांगून इथल्या काही घरातनं ॲडव्हान्स घेऊन गेला. माझ्या दुकानातनं जर्सी पण घेतल्या, उधारी अजून बाकी आहे, ते जाऊ दे.

आणि वय चोरणारे बाप, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतोच. दोन वर्षं कमी लावून अंडर 13 मध्ये घालायचं, पोरगं बाकीच्यांपेक्षा टाळूभर उंच, गोल मारतंय, घरात पेढे. पुढं नॅशनल लेव्हलला मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, तिथं पकडलं की संपलं. त्यात पोराचा काय दोष सांगा.

दुकानात बसून एक गोष्ट दिसते ती कोचला पण दिसत नसेल. पोरगं बारा-तेराचं असताना बाप सोबत येतो, एक नंबर मोठा स्टड घेतात, पुढच्या पावसाळ्यात पण चालावा म्हणून, टाचेत कापूस भरून खेळतं. पंधरा-सोळाला एकटं येतं, ब्रँड सांगतं. आपल्या पावसात, लाल मातीच्या चिखलात तळवा उचकटतो, तो चिकटवून द्या मामा म्हणून परत येतं. अठरा झालं की यायचं बंद. नंतर दिसतं ते एखाद्या मोबाईलच्या दुकानात नाहीतर उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्टला जाताना. कामात कमीपणा नाही हो, पण त्यातल्या एका लेफ्ट बॅकचं नाव तुम्हीच तीन कॉलम छापलं होतं, "बेळगावचा उगवता तारा" म्हणून. मी कात्रण काउंटरच्या काचेखाली लावलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याला गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एक ओळ पण नाही आली.

म्हणून विनंती आहे, हेडिंग जरा कमी मोठं द्या पण जास्त वेळा द्या. कॉलेजात गेलेला, बंगळूरला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा, गोव्यात एखाद्या क्लबच्या राखीव टीममध्ये असलेला आपला पोरगा आज काय करतोय हे महिन्यातनं एकदा तरी विचारा, फोन नंबर मी मिळवून देतो. आणि लोकल लीगचा नुसता स्कोअर छापू नका, गोल मारणाऱ्याचं पूर्ण नाव आडनावासकट बरोबर छापा. स्पोर्ट्स कोट्याला अर्ज करताना पोरं ती कात्रणं फाईलला लावतात, आणि मागच्या सीझनला तुमच्याकडं एकाच पोराचं नाव तीन मॅचमध्ये तीन तऱ्हेनं आलंय.

आपला,
रोजचा वाचक,
शहापूर, बेळगाव