आवाहन : होडीचं इंजिन आलं, बसवायचं अजून बाकी आहे

सप्रेम नमस्कार.

आपल्या होडीचं नवं डिझेल इंजिन येऊन पोचलं. शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं आहे. बरेच जण पाहून गेले आणि जाताना बहुतेकांनी एकच म्हटलं, "चला, झालं एकदाचं काम." काम झालेलं नाही. इंजिनासाठी जमलेली रक्कम इंजिनातच संपली. ते होडीत बसवायला जे जे लागतं, त्यासाठी समितीच्या खात्यात आज फार थोडं उरलं आहे, आणि होडी वर ओढायचं पौर्णिमेचं उधाण जवळ आलं आहे. म्हणून ही विनंती.

पण ज्यांच्यामुळे इथवर पोचलो, त्यांचं ऋण आधी मानायला हवं.

जुनं इंजिन बसवलं तेव्हा समितीकडे ना शेड होती, ना चेनपुली. मिस्त्रीकाकांनी इंजिनाखालच्या तुळया स्वतः तासल्या आणि मजुरीचा विषय काढू दिला नाही. त्यानंतर होडी चालवणाऱ्या तांडेलमामांनी त्या इंजिनाची जी निगा राखली, तिला तोड नाही. तेल बदलायची वेळ झाली की बदलायचंच, मग कितीही घाई असो. गाळणीवर कापड धरल्याशिवाय त्यांनी कधी टाकीत डिझेल ओतलं नाही. नोझल बिघडलं आहे की टॅपेट सैल झालं आहे, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. रात्री-अपरात्री पलीकडच्या काठावरून निरोप आला की मामा निघालेच. अडलेल्या बायका, साप चावलेली माणसं, परीक्षेला निघालेली मुलं, सगळ्यांना याच होडीने पार नेलं. हे तुम्हा सर्वांना माहीत आहे, तरी कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहितो.

नव्या इंजिनाची पहिली देणगी एका वहिनींनी दिली. "माझं नाव कुठे लावू नका," म्हणाल्या, म्हणून लावत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नंतर विज्ञानाचे सर अख्खा वर्ग घेऊन होडीवर आले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, सिलिंडरमधली हवा जोरात दाबली की ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांनी असं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चालवून दाखवलं, आणि १९०३ मध्ये ते नौकेत बसलंसुद्धा. सरांनी हे इतकं छान समजावलं की आमचे खलाशीही हातातलं काम ठेवून ऐकत उभे राहिले. मग मुलांनी आपापले साठवलेल्या पैशांचे डबे आणून दिले. ती नाणी मोजताना खजिनदारांना बोलवेना. ज्यांनी ज्यांनी दिलं त्या सर्वांची नावं फलकावर आहेत, ती जरूर वाचा.

जुनंच पुन्हा बांधून का घेतलं नाही, असं काही जण अजून विचारतात. बांधलं होतं, एकदा नव्हे. लायनर, पिस्टन, रिंगा सगळं बदललं. पण क्रँकशाफ्ट शेवटच्या मापापर्यंत घासून झाला आहे, त्यापुढच्या मापाची बेअरिंग नाहीत. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरलं आहे, सकाळी इंजिन लवकर पेटत नाही, आणि मागून निघणारा निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. भर प्रवाहात, माणसं भरलेली असताना ते बंद पडलं तर काय, या काळजीने तांडेलांना झोप लागत नाही. त्यापेक्षा पेट्रोलचं इंजिन घ्या, अशीही सूचना आली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि मग एक ठिणगी पुरते. डिझेल इतक्या सहज पेटत नाही. माणसं वाहणाऱ्या होडीत डिझेलच हवं, हा समितीचा निर्णय होता आणि तो योग्यच होता.

आता बसवणीबद्दल, कारण देणग्या नेमक्या इथेच अडतात. इंजिनावर हात ठेवून फोटो काढता येतो, तुळईचा आणि पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा, फोटो कोणी काढत नाही. पण होडी चालते ती या सगळ्यावर.

नवं इंजिन जुन्यापेक्षा हलकं आणि जास्त फेऱ्यांचं आहे. त्याच्या पायांचं अंतर जुन्या बैठकीशी जुळत नाही, आणि जुन्या तुळया पाणी-तेलाने इतक्या मऊ झाल्या आहेत की सुरी टोचली तर आत जाते. त्या काढून नव्या घालायच्या आहेत. इंजिनाच्या फेऱ्या आणि गिअरबॉक्सचं प्रमाण बदललं, म्हणजे पंखाही बदलावा लागणार. पंख्याचा व्यास किंवा पिच (पात्यांचा तिरकेपणा) गरजेपेक्षा जास्त असेल तर इंजिन पूर्ण फेऱ्या घेतच नाही, काळा धूर ओकत राहतं. कमी असेल तर फेऱ्या भरमसाट आणि होडीला ओढ नाही. "जुना पंखाच लावू या" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे.

सर्वांत नाजूक काम अलाइनमेंटचं. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या कपलिंगची, म्हणजे जोडाची, तोंडं अगदी समोरासमोर यायला हवीत. मधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजायची, आणि फरक साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत, म्हणजे कागदाच्या जाडीएवढाच चालतो. त्याहून जास्त राहिला तर होडी थरथरते, शाफ्टची बेअरिंग झिजतात आणि गिअरबॉक्सचं सील जातं. शिवाय हे माप जमिनीवर जुळवून भागत नाही. पाण्यात उतरल्यावर होडीचा आकार किंचित बदलतो, म्हणून एक-दोन दिवस तरंगू द्यायची आणि पुन्हा जुळवायचं. यासाठी जाणकार मेकॅनिक निदान दोनदा बोलवावा लागेल, आणि त्याच्या कष्टाचे पैसे द्यायलाच हवेत.

एक्झॉस्टचंही तसंच. त्याच्या नळीत थंडाव्यासाठी पाणी सोडलेलं असतं. नळीचा चढ आणि सायफन तोडणारी झडप नीट बसली नाही, तर इंजिन बंद असताना पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग इंजिन सुरू करायला गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. इतक्या जणांच्या पैशातून आलेलं इंजिन एका नळीपायी गमवायचं का? टाकीही उतरवून धुवायची आहे. तळाच्या पाण्यावर, डिझेलच्या खाली बुरशी धरली आहे, ती फिल्टर चोंदवते.

मनातलं एक बोलतो. मागच्या वेळी आवाहनाचा कागद आम्ही घरोघर पोचवला होता. कित्येक घरांतून साधं "जमणार नाही" एवढंही उत्तर आलं नाही. ज्यांची माणसं रोज या होडीने जातात, त्या घरांतूनसुद्धा नाही. वाईट वाटलं. पण होडी बंद असली की सर्वांत आधी विचारायला तीच माणसं येतात, म्हणजे होडी ती आपलीच मानतात. म्हणून पुन्हा त्यांच्याच दारी येताना संकोच वाटत नाही.

तपशील : देणगी खजिनदारांकडे द्यावी, पावती लगेच मिळेल. खर्चाचा अंदाज कार्यालयात पाहायला ठेवला आहे. रोख शक्य नसेल तर वस्तू चालतील : तुळयांसाठी सुकं, गाठी नसलेलं लाकूड, चेनपुली, जॅक, स्टेनलेसचे बोल्ट, एक्झॉस्टची नळी, पाणी वेगळं करणारा डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल (पहिल्या ५० तासांनंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचे आहेत, तेही धरून). होडी ओढायला आणि जुनं इंजिन उचलायला माणसं हवीत, नावं तांडेलांकडे द्या. वेल्डिंग येणाऱ्यांनी आधी कळवावं. त्या दिवसांत होडी बंद राहील, पलीकडच्या मंडळींना तसं सांगून ठेवा. पौर्णिमेच्या उधाणाला होडी वर, अमावास्येच्या उधाणाला परत पाण्यात, असा बेत आहे. तेव्हा लाकूड आणि पंख्याचे पैसे पौर्णिमेच्या आठ दिवस आधी हातात हवेत.

आपला,
चिटणीस, होडी समिती