विषय: लॅपटॉपच्या बायोस अपडेटमधनं काढलेलं सेटिंग परत द्या आणि माझं तिकीट 'सोडवलं' म्हणून बंद करणं थांबवा

मॅनेजमेंटला,

आज तुमच्या सपोर्टशी सातवा कॉल झाला, एक तास दहा मिनिटं, आणि फोन ठेवून पाच मिनिटं होतायत तोवर मेल आला की तुमची तक्रार सोडवली गेली आहे. सोडवली गेलेली नाही. हे तिकीट तुम्ही असं बंद करायची ही तिसरी वेळ. म्हणून आता सपोर्टला नाही, थेट तुम्हाला लिहितेय. लॅपटॉपमधे काय बसवलंय, कुठला पोर्ट कशावर जोडलाय हे तुम्हाला समजावत बसणार नाही, तो तुम्हीच बनवलाय.

मी म्युझिक प्रोड्युसर आहे. रेकॉर्डिंग, अरेंजिंग, मिक्सिंग, सगळं लॅपटॉपवर, आणि अकरा वर्षं तुमच्याच लॅपटॉपवर. हा तिसरा. याआधीचा दुसरा लॅपटॉप याच सिरीजचा होता, याच नावाचा, फक्त नंबर जुना. त्याच्यावर सहा वर्षं काम केलं म्हणून डोळे झाकून हा घेतला. तुमच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हा क्रिएटर्ससाठी आहे, शेजारी हेडफोन घातलेल्या माणसाचा फोटो होता, समोर मिडी कीबोर्ड.

आता नेमकं काय होतंय ते सांगते. रेकॉर्डिंग चालू असताना मधेच 'कट्' असा आवाज येतो. कधी वीस सेकंदांनी, कधी दोन मिनिटांनी. तो फक्त हेडफोनमधे येत नाही, तो रेकॉर्ड होतो. माझा बफर, म्हणजे प्रोसेसर एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा असतो, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पलला, त्याचे साधारण २.७ मिलिसेकंद होतात. म्हणजे दर २.७ मिलिसेकंदाला प्रोसेसरने पुढचा घास तयार ठेवायचा, एकदाही उशीर चालत नाही. लेटन्सीमॉन हे उशीर मोजायचं सॉफ्टवेअर लावून तीन रात्री मोजलंय, तुमच्या पॉवर मॅनेजमेंटचा ड्रायव्हर मधूनच ३.४ मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसतो. २.७ मधे काम संपवायचंय आणि ३.४ कुणीतरी दार अडवून उभं आहे, मग तुटणारच ना आवाज. या रिपोर्टचे स्क्रीनशॉट मी चार वेळा पाठवलेत. चारही वेळा मला विंडोज परत टाकायला सांगितलं. दोनदा टाकलं. सगळे प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअरं, सगळी लायसन्स परत ॲक्टिव्हेट करण्यात प्रत्येक वेळी दोन दोन दिवस गेले.

आणि मुख्य गोष्ट ही की पहिले चार महिने हे होत नव्हतं. लॅपटॉप आल्या आल्या थोडं झालं होतं तेव्हा मीच बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमधे, जाऊन सी-स्टेट बंद केले, प्रोसेसर जरा मोकळा झाला की झोपायला जातो आणि जागं व्हायला वेळ घेतो, ते बंद केलं आणि काम सुरळीत चालू झालं. बॅटरी लवकर संपायची, चालेल मला, मी रेकॉर्डिंग करताना चार्जर लावूनच बसते. मग एका रात्री तुमचं बायोस अपडेट आपोआप पडलं. मला विचारलं नाही. सकाळी उघडून बघते तर सी-स्टेटचं सेटिंगच गायब. बंद नाही, राखाडी नाही, तो पर्यायच तिथे नाही. जुना बायोस परत टाकायला गेले तर सिक्युरिटीच्या कारणाने मागे जाता येणार नाही असा मेसेज. म्हणजे चालणारी वस्तू माझ्या घरात येऊन तुम्ही बिघडवलीत आणि जाताना दार बाहेरून लावून घेतलंत.

याची किंमत काय ते एका दिवसाचं सांगते. एक गायिका दोन महिन्यांनी रेकॉर्डिंगला आली होती, मधे तिचा घसा बसला होता, डॉक्टरांनी गायला मनाई केली होती. पहिले तीन टेक जपून गायली. चौथ्याला तिने अंतरा असा उचलला की मी खुर्चीत सरळ झाले. शेवटच्या ओळीत तिने स्वर धरला आणि हळूहळू सोडत नेला, अगदी श्वास संपेपर्यंत, आणि बरोबर त्या सोडण्यात दोन वेळा 'कट् कट्'. भरलेल्या आवाजात, ढोलाच्या ठोक्यावर ते लपलंही असतं. विरत जाणाऱ्या स्वरात लपत नाही. ते दुरुस्त करायला सहा तास बसले, वेव्हफॉर्म मोठा करून एक एक सॅम्पल हाताने जोडलं, तरी तिथे स्वर थोडा अडखळतोच. मला ऐकू येतो. तिलाही आला. ती काही बोलली नाही, फक्त विचारलं की परत गाऊ का, आणि घसा तेव्हा परत बसायला लागला होता.

आता आजचा कॉल. हा मी सविस्तर लिहिणार आहे कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल, काढा आणि ऐका.

पहिली वीस मिनिटं सीरियल नंबर, मेल आयडी, कधी घेतला, हे सगळं, सातव्यांदा. मग मी सांगितलं की बायोस अपडेटनंतर सी-स्टेटचं सेटिंग गेलंय आणि डीपीसी लेटन्सी, म्हणजे ड्रायव्हर प्रोसेसर अडवतात त्याने होणारा उशीर, वाढलीये. तो म्हणाला, मॅडम, स्क्रीन शेअर करा. केली. म्हणाला, यूट्यूब उघडा. उघडलं. कुठलंही गाणं लावा. मी म्हटलं त्याने काही कळणार नाही, तिथे बफर मोठा असतो, उशीर झाला तरी पुरतो, मला रेकॉर्डिंगला त्रास होतोय. म्हणाला, मॅडम, मी सांगतो तेवढं करा. लावलं. अर्धा मिनिट आम्ही दोघांनी शांतपणे गाणं ऐकलं. मग त्याने विचारलं, आवाज येतोय ना? येतोय म्हटलं. मग ऑडिओ चालू आहे मॅडम, हार्डवेअर ओके आहे. मी परत पहिल्यापासून सांगितलं, बफर, मिलिसेकंद, ड्रायव्हरचं नाव, स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहेत ते उघडा. पलीकडे शांतता. आणि मग तो म्हणाला, मॅडम, तुमच्याबरोबर कुणी टेक्निकल आहे का घरात, त्यांना फोन देता का, म्हणजे समजावायला सोपं जाईल.

मी वीस वर्षं हे काम करतेय. ड्रायव्हरचं नाव मी सांगितलं होतं, त्याने नाही. मी विचारलं, काय समजावायचंय? तर म्हणाला की बफर वाढवायचा असतो मॅडम, १०२४ करून बघा.

१०२४ सॅम्पल म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि ते एका बाजूचे. माइककडून आत आणि हेडफोनला बाहेर मिळून ४२ च्या वर जातात. गाणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कवटीतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून इतक्या उशिरा, कुणी गाऊ शकत नाही असं, लय मागे खेचली जाते, सूर हलतो. मिक्सिंगला मी १०२४ च ठेवते, तिथे चालतं. रेकॉर्डिंगला नाही चालत. हे मी त्याला सांगितलं आणि त्याचं उत्तर होतं की नवा पोर्ट ४० जीबीपीएसचा आहे, जुन्यापेक्षा खूप फास्ट, त्यामुळे लेटन्सी येऊच शकत नाही.

हे तुमच्या इंजिनिअरना विचारा, की हे उत्तर बरोबर आहे का. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आठ चॅनल, गुणाकार केला तर सेकंदाला ९.२ मेगाबिट होतात. यूएसबी २.० च ४८० मेगाबिटचा होता, त्यालाही हे ओझं नाही. आमचा प्रश्न कधीच रस्ता किती रुंद आहे हा नव्हता, गाडी वेळेवर निघते का हा आहे. आणि तेच प्रोसेसरचं. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, वाढवले, आठ छोटे आणि चार मोठे, पानावर बारा लिहिलंत. एका ट्रॅकवर एकामागे एक सहा प्लगइन असले तर दुसऱ्याला पहिल्याचं आउटपुट मिळाल्याशिवाय सुरू करता येत नाही, ती साखळी एकाच कोअरवर चालते, आणि नेमकी ती छोट्या कोअरवर जाऊन पडली की संपलं. बारा असून उपयोग काय मग.

पोर्टचं तर बोलायलाच नको पण बोलतेच. जुन्याला दोन्ही बाजूंना यूएसबी होते, चार्जरची पिन वेगळी, एसडी कार्डचा खाच होता. नव्याला दोन टाइप-सी, दोन्ही डावीकडे, दोन्ही एकाच कंट्रोलर चिपवर, त्यातला एक चार्जरला जातो. राहिला एक. त्याच्यात ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा), मिडी कीबोर्ड, सॅम्पल लायब्ररीची एसएसडी आणि लायसन्सची डाँगल, सगळं एका हबमधून. इंटरफेस हबवर लावू नका असं इंटरफेस बनवणारे स्वतः सांगतात. आणि चार्जर लावला की मॉनिटर स्पीकरमधे बारीक शिट्टी येते, काढला की जाते. रॅम १६ जीबी, बोर्डला चिकटवलेली. जुन्याचं मागचं झाकण उघडून मी स्वतः ३२ केली होती. स्ट्रिंग्ज आणि ब्रासची लायब्ररी एकत्र उघडली की १६ मधे श्वास घ्यायला जागा राहत नाही. एवढं सगळं पातळपणासाठी, आणि पातळ असल्याने पंखा गाणं सुरू झाल्यावर मिनिटभरात फिरायला लागतो आणि माइकमधे येतो.

बदल आम्हाला नवीन नाहीत. लॅपटॉपवरनं फायरवायरचा पोर्ट गेला तेव्हा माझा चांगला चालणारा इंटरफेस कपाटात गेला, मी नवा घेतला, कुरकुर केली नाही. वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जोडणारा १९८३ चा मिडी आजही चालतोय आणि माझा जुना कीबोर्ड त्याच पाच पिनांच्या वायरने बोलतो, म्हणजे ठरवलं तर चालत्या गोष्टी चालू ठेवता येतात. चूक झाली तर मागेही येता येतं, ॲपलने २०१६ मधे मॅकबुक प्रोमधून काढलेले एसडी कार्ड आणि एचडीएमआय २०२१ मधे परत दिले. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने मार्च २०२२ मधे उघडपणे मान्य केलं की फर्मवेअर टीपीएम या सिक्युरिटीच्या सोयीमुळे त्यांच्या रायझन प्रोसेसरचे काही कॉम्प्युटर मधेच क्षणभर अडकतात, आणि त्यावर बायोस अपडेटमधून उपाय दिला. त्यांनी कुणाला गाणं लावून आवाज येतोय ना असं विचारून तक्रार बंद केली नाही. मला तुमच्याकडून याहून जास्त काही नकोय, झालंय ते झालंय म्हणा आणि सेटिंग परत द्या.

वाईट याचं वाटतं की तुमचं नाव मी लोकांना सांगायचे. माझ्याकडे मिक्सिंग शिकायला आलेल्या आठ जणांनी माझ्या शब्दावर तुमचे लॅपटॉप घेतलेत. त्यातल्या दोघांकडे हेच मॉडेल आहे, दोघांनाही अपडेटनंतर हाच 'कट्' येतोय, आणि त्यांनी कर्ज काढून घेतलेत. मला फोन करतात ते, तुम्हाला नाही. त्यांना काय सांगू? मी आता कुणालाही तुमचं नाव सुचवणार नाही, आणि विचारलं तर हे सगळं मोजमापासकट सांगणार आहे.

मला काय हवंय ते परत एकदा. सी-स्टेटचं सेटिंग परत देणारं बायोस अपडेट, नाहीतर जुना बायोस टाकायची परवानगी. दोन्ही जमत नसेल तर लॅपटॉप घेऊन जा आणि पूर्ण पैसे द्या, दुरुस्तीला नको, बदलून तोच मॉडेल नको. विकताना क्रिएटर्ससाठी म्हणून विकलाय तुम्ही, मी तो तशाच कामाला वापरतेय. पंधरा दिवस थांबते. त्यानंतर पावती, लेटन्सीचे रिपोर्ट, त्या अंतऱ्याची फाइल आणि सातही कॉलच्या तारखा घेऊन ग्राहक म्हणून कायद्याने जे करता येतं ते करणार आहे. आणि यापुढे ज्या पोर्टला जो कंट्रोलर आहे तो पानावर लिहा, रॅम बदलता येत नाही हे खाली बारीक अक्षरात नको, वर लिहा.

फोन करू नका. लेखी उत्तर द्या, आणि ज्याला डीपीसी लेटन्सी म्हणजे काय हे माहीत आहे अशा माणसाकडून द्या. सध्या मी जुन्या लॅपटॉपवर काम करतेय, त्याचं बिजागर तुटलंय, स्क्रीन मागे पुस्तकांचा टेकू लावून उभी केलीये. पुढच्या आठवड्यात ती गायिका परत येतेय, तोच अंतरा गायला. तिचा टेक मी त्या जुन्यावर घेणार आहे.

आणि ते तिकीट आधी परत उघडा.

तुमच्या तीन लॅपटॉपवर अकरा वर्षं काम केलेली एक ग्राहक