डेमोतलं अ‍ॅप आणि उलटी लोकल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या उपक्रमांची आपली पुरवणी रविवारी वाचली. पान उलटावं तिथे कोडिंग, रोबोटिक्स, एआय. कुठे 'वय वर्षे सहापासून', तर कुठे 'पहिला वर्ग मोफत'. आमच्या सोसायटीत आधी अबॅकस आला, मग वैदिक गणित, आता हे. चेष्टा करत नाही. माझी मुलगी सहावीत आहे आणि गेल्या वर्षी त्या मोफत वर्गाच्या दारातून आम्हीही आत शिरलो होतो.

ऑनलाइन डेमोला आई-बाबा दोघंही हजर हवेत, अशी अट होती. तेव्हा कौतुक वाटलं. 'घरी विचारून सांगते' म्हणायची सोय राहू नये म्हणून ती अट असते, हे नंतर लक्षात आलं. चाळीस मिनिटांत मुलीने 'अ‍ॅप' बनवलं, तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं आणि पाठोपाठ फोन. 'मुलगी हुशार आहे, आता थांबलात तर मागे पडेल.' सवलत त्या रात्री बारापर्यंतच. वर्षाची फी पंचावन्न हजार, पण बिनव्याजी हप्ते करून देणार होते. ह्यांनी ओटीपी सांगून टाकला. मी पतपेढीत कर्जखात्यावर बसते. दिवसभर लोकांना 'सही करण्याआधी वाचा हो' म्हणून सांगायचं, आणि घरी ही तऱ्हा!

दोन महिन्यांत तीन शिक्षक बदलले. आम्ही वर्ग बंद केला, हप्ते मात्र कापले जात राहिले. कंपनीला तिची फी केव्हाच पोचली होती. आमच्या नावावर होतं ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार, मग ईमेलवर ईमेल, असं करत साडेतीन महिन्यांनी प्रकरण मिटलं. ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे वळते करू देऊ नका, असं शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्येच पालकांना बजावलं होतं. त्याच्याही आधी, 2020 मध्ये, जाहिरात मानक परिषदेच्या हरकतीनंतर एका बड्या कंपनीला मुलांच्या कोडिंगच्या जाहिराती मागे घ्याव्या लागल्या होत्या. मी हे सगळं वाचलं ते हप्ते सुरू झाल्यावर.

पैशांपेक्षा लागलं ते वेगळंच. एका शनिवारी तिला म्हटलं, ते डेमोतलं अ‍ॅप परत बनवून दाखव ना. कोरा पडदा उघडला आणि ती माझ्याच तोंडाकडे बघत बसली. डेमोत बहुतेक सगळं आधीच मांडून ठेवलेलं होतं, हिने फक्त तयार सूचनांचे चार ठोकळे ओढून जागेवर नेले होते.

आता ती इथेच कन्नमवार नगरात एका इंजिनिअर काकांकडे जाते. सहा मुलं, फी महिन्याच्या महिन्याला. शिकवतात स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने 2007 मध्ये मुलांसाठी आणलेलं, फुकट, आमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पहिल्या आठवड्यात तिने पडद्यावर विक्रोळीची धीमी लोकल आणली. कडेला पोचली की गाडीने मागे फिरावं, म्हणून तसा ठोकळा लावला. गाडी फिरली खरी, पण छप्पर खाली आणि चाकं वर! तशीच उलटी घाटकोपरला निघाली. काकांनी माऊसला हात लावला नाही. 'वळताना नक्की काय होतंय ते बघ,' एवढंच म्हणाले. दोन दिवस जेवतानाही तिचं तेच चाललं होतं. शेवटी गाडीची फिरण्याची पद्धत 'डावी-उजवी' अशी ठेवायची असते, हे तिचं तिने शोधलं आणि रात्री साडेअकराला मला उठवून दाखवलं.

म्हणून वर्ग शोधणाऱ्यांना सांगते, डेमोवर जाऊ नका. चालू असलेला एखादा वर्ग मागे बसून बघू द्या म्हणा. मूल अडतं तेव्हा शिक्षक काय करतात, तेवढं बघा. माऊस ओढून घेत असतील तर उठून या. रोबोटिक्सचं किट त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती असेल तर आधी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, एक चक्कर मारा. अर्दुइनोचा बोर्ड (रोबोटला सूचना देणारं छोटं सर्किट), तारा, दिवे तिथे सुटे मिळतात, भाव आपोआप कळेल. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, आहे का, हेही विचारा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ही योजना 2016 पासून आहे आणि एका लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. माझ्या भाच्याच्या शाळेत ती आहे. कुलूप पाहुणे आले की उघडतं. आणि सहा वर्षांच्या मुलांच्या आईबापांनी घाबरून जाऊ नये. 2020 च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंग येतं ते सहावीपासून.

आपल्यालाही एक विनंती. या जाहिराती जरूर छापा, पण 'सुलभ हप्ते' असं लिहिलेलं असेल तिथे ते कर्ज आहे, कोणत्या कंपनीचं आहे आणि वर्ग सोडल्यावर त्याचं काय होणार, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावा.

— एक पालक, विक्रोळी (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)