टाकोच्या टपरीबद्दल रोजच्या गिऱ्हाइकांनाही विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिको सिटीतील 'एल कालिफा दे लेओन' या टाकोच्या (तोर्तिया म्हणजे मक्याच्या पातळ पोळीवर मांस ठेवून दिल्या जाणाऱ्या पदार्थाच्या) दुकानाविषयी ग्राहकांची मते एकत्र करणारा लेख वाचला. जागा अपुरी, बसायला खुर्ची नाही, भाव जास्त, टाकोत 'काहीच घातलेले नसते' अशा तक्रारी नोंदवून लेखाने 'नाव मोठे, लक्षण खोटे' असा निष्कर्ष काढला आहे. नोकरीनिमित्त गेली चार वर्षे मी याच शहरात राहतो आणि या दुकानात त्याला मिशेलिन या नामांकित खाद्यमार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळण्यापूर्वीही खाल्ले आहे, नंतरही. लेखातील मते खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. पण ती जवळजवळ सगळी एकदाच आलेल्या पाहुण्यांची आहेत आणि ज्यांच्या जिवावर हे दुकान इतकी वर्षे चालले, त्या सान राफाएल वस्तीतल्या माणसांचा आवाज त्यात कुठेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

हे दुकान १९६८ सालचे आहे. जागा जेमतेम तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, समोरची बाजू थेट फुटपाथवर उघडी. त्या फुटपाथवरही मोबाइलची कव्हरे विकणाऱ्यांची दाटी असते, त्यामुळे ताटली हातात धरून उभ्यानेच खावे लागते. विकायला चारच प्रकारचे टाको: बिस्तेक (गोमांसाचा काप), कोस्तिया (बरगडीचे मांस), चुलेता (डुकराच्या मांसाचा काप) आणि गाओनेरा (गोमांसाचे फिले). मेक्सिकोसाठीची पहिली मिशेलिन मार्गदर्शिका मे २०२४ मध्ये जाहीर झाली आणि एक तारा मिळालेल्या १६ ठिकाणांत टाकोचे असे साधे दुकान हे एकटेच होते. त्या दिवसापासून रांग लागली आणि रांगेबरोबर मतेही येऊ लागली.

'काहीच घातलेले नसते' ही तक्रार मला सर्वांत अन्यायाची वाटते, कारण ज्याला ही मंडळी उणीव म्हणतात तीच तर तिथली पद्धत आहे. आचारी मांसाचा पातळ काप धगधगत्या लोखंडी पत्र्यावर टाकतो, वरून मीठ भुरभुरतो, अर्धे लिंबू पिळतो आणि त्याच पत्र्यावर शेजारी नुकत्याच लाटलेल्या पिठाची कच्ची तोर्तिया ठेवतो. पत्रा सुमारे ३६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. मिनिटभराच्या आत काप उलटतो, तोर्तिया उलटते, आणि लगेच तोर्तियावर मांस ठेवून प्लास्टिकची ताटली पुढे सरकते. लाल आणि हिरवी साल्सा, म्हणजे तिथली पातळ चटणी, बाहेर ठेवलेली असते. दोन्ही जहाल आहेत. ज्याने त्याने आपल्या जिभेला सोसेल तेवढी घ्यावी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग वाटल्यावर त्याच्या पिठाला जो वास येतो, तो तोर्तिया तव्यावरून उतरल्यानंतरची काही मिनिटेच टिकतो. आपल्याकडे चुलीवरची भाकरी डब्यात घालून दुपारी खाणे आणि ती तव्यावरून थेट पानात पडणे यात जेवढा फरक आहे तेवढाच तो आहे. एका हातात फोन धरून छायाचित्र मनासारखे येईपर्यंत ताटली तशीच ठेवणाऱ्याला ती तोर्तिया वातड लागली, तर त्यात आचाऱ्याचा काय दोष?

भावाचा मुद्दा मात्र खरा आहे. गाओनेराचा एक टाको जवळपास पाच डॉलरना पडतो आणि या शहरात त्याहून पुष्कळ स्वस्त टाको कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. पण गाओनेरा फिलेच्या कापाचा असतो, म्हणजे जनावराच्या अंगावरच्या सगळ्यांत मऊ आणि महाग मांसाचा. मी स्वतः गोमांस खात नाही, म्हणून दर वेळी डुकराच्या मांसाची चुलेताच घेतो. साहजिकच ज्या टाकोसाठी हे दुकान ओळखले जाते त्याच्या चवीविषयी माझ्या मताला काही किंमत नाही, आणि ते मी इथे देतही नाही. लेखात मत देणाऱ्यांपैकी कोणी कोणता टाको खाल्ला याचा एकदाही उल्लेख नाही, हे मला म्हणूनच खटकले.

माझ्या शेजारी राहणाऱ्या आजींना या दुकानाविषयी विचारले, तर त्या चवीबद्दल बोलतच नाहीत. चव बदललेली नाही हे त्यांनी कधीच गृहीत धरले आहे. त्यांची तक्रार एवढीच, की पूर्वी कामावरून येताना दोन टाको उभ्या उभ्या खाऊन घरी जाता येत असे आणि आता दुपारी त्या वाटेला फिरकता येत नाही. ही तक्रार खऱ्या ग्राहकाची आहे. तिच्यात राग नाही, हक्काची जागा हातची गेल्याचे दुःख आहे. ताऱ्यामुळे वस्तीचे काय झाले, हे दूरवरून आलेली शंभर मते वाचूनही कळले नसते.

कोल्हापुरातल्या मिसळीविषयीही आपल्या पुरवणीत अशीच मते छापून येतात आणि तिथेही बाहेरगावाहून आलेल्या माणसाचे 'कट फार तिखट' हे मत वीस वर्षे त्याच बाकावर बसणाऱ्याच्या मताइतकेच जागा व्यापते. माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे अशी मते छापताना त्या माणसाने काय खाल्ले आणि तो तिथे कितव्यांदा गेला होता, हे दोन तपशील सोबत द्यावेत, आणि निदान एक तरी मत त्याच गल्लीत राहणाऱ्याचे घ्यावे.

लेखातील एका चुकीकडेही लक्ष वेधतो. दुकानाच्या नावातील 'कालिफा' कोणी राजा नव्हे. मेक्सिकोतील लेओन शहरात १८८८ साली जन्मलेला प्रसिद्ध बैलझुंजार रोदोल्फो गाओना याला 'एल कालिफा दे लेओन' म्हणत आणि गाओनेरा हे टाकोचे नावही त्याच्यावरूनच आले आहे. कृपया पुढील अंकात ही दुरुस्ती द्यावी.

आपला,
एक वाचक, सातारा
(सध्या मुक्काम मेक्सिको सिटी)