एफई म्हणजे लोह, ते का?

महोदय,

नववीतली माझी नात परवा ओसरीवर बसून 'एफई म्हणजे लोह, एयू म्हणजे सोने' अशा मूलद्रव्यांच्या संज्ञा घोकत होती. का, ते तिला वर्गात कुणी सांगितले नव्हते. लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे फेरम (Ferrum), सोने म्हणजे ऑरम (Aurum); त्यांचीच ही पहिली दोन अक्षरे. पोर्तुगीज शाळेत शिकलेले माझे वडील 'फेर्रु' आणि 'ओरु' म्हणत. त्यांना घोकावे लागले नसते!

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. खनिजाचे ट्रक गेले की केळीच्या पानांवर तांबडी धूळ बसायची. त्यातले हेमटाइट हे लोहखनिज म्हणजे लोहाचे दोन अणू नि ऑक्सिजनचे तीन. मग नातीला काळवंडलेला तांब्याचा गडू ओल्या सोलांनी घासायला लावला. आमसुलातल्या आम्लाने ऑक्साइड विरघळला, बोटांखाली गुलाबी धातू उघडा पडला. "आजोबा, हे परीक्षेला येत नाही," ती म्हणाली, पण घासायची थांबली नाही.

118 मूलद्रव्ये पाठ नसली तरी चालतील. सोडियम पाण्यात टाकताच भडकतो, क्लोरीन विषारी वायू, आणि दोघांचे मिळून पेजेतले मीठ. शिक्षकांनी हा धडा आगरवाड्याच्या मिठागरावर घ्यावा, ऐन उन्हाळ्यात, मीठ धरते तेव्हा.

– एक आजोबा, डिचोली