उत्पन्न कोठून येते, हेही छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचे अर्थविषयक पान मी नियमाने वाचते आणि त्याच पानाविषयी एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एखाद्या कंपनीची बातमी येते तेव्हा तिची उलाढाल किती वाढली, ग्राहक किती झाले, गुंतवणूकदारांनी तिचे मूल्यांकन कोठवर नेले, हे सगळे त्यात असते. मात्र त्या कंपनीला पैसे नेमके कोण देते, कशाबद्दल देते आणि ते तिच्या हाती केव्हा पडतात, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ज्याला आपण सर्रास बिझनेस मॉडेल म्हणतो ते या तीन प्रश्नांच्या उत्तरांत असते, आणि ती उत्तरे ठाऊक नसतील तर विक्री दुप्पट झाल्याची बातमी चांगली की चिंतेची, हे वाचकाला ठरवता येत नाही. मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबशास्त्र शिकवते. ताळेबंद अचूक जुळवणारी मुलेही ‘या कंपनीचे उत्पन्न कशातून येते?’ असे विचारले की तिच्या मालाचे नाव सांगून थांबतात. ही उणीव त्यांची एकट्यांची नाही, कारण त्यांच्या वाचनातच ही माहिती येत नाही.

माल बनवून विकणे आणि माल घेऊन विकणे हे दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यामुळे त्यांवर फार जागा घेत नाही. मात्र तेथेही बातमीत नफ्याचा दर दिला जातो आणि माल वर्षातून किती वेळा फिरला हे दिले जात नाही. खरेदीवर शेकडा ३ मिळवणाऱ्याचा साठा वर्षात १२ वेळा विकला गेला तर गुंतवलेल्या १०० वर ३६ सुटतात. शेकडा १५ मिळवणाऱ्याचा साठा दोनदाच विकला गेला तर ३० सुटतात. वरवर पाहता दुसऱ्याचा धंदा अधिक किफायतशीर वाटतो, प्रत्यक्षात पहिल्याचा आहे.

व्यापाराचा एक प्रकार याहून वेगळा आहे, आणि तो दुकानाकडे पाहून मुळीच लक्षात येत नाही. अमेरिकेतील कॉस्टको ही कंपनी गोदामासारखी प्रचंड दुकाने चालवते आणि आत खरेदी करण्यासाठी ग्राहकाला वार्षिक वर्गणी भरावी लागते. २०२३ च्या आर्थिक वर्षात तिला या वर्गणीतून सुमारे ४.६ अब्ज डॉलर मिळाले आणि त्याच वर्षी कामकाजातून झालेला नफा सुमारे ८.१ अब्ज डॉलर होता. वर्गणी गोळा करायला खर्च फारसा येत नाही, म्हणजे नफ्याचा निम्म्याहून मोठा भाग वर्गणीतून आला असे म्हणता येते. माल अगदी थोड्या नफ्यावर विकायचा आणि स्वस्त खरेदीच्या हक्काबद्दल पैसे घ्यायचे, असा हा हिशेब आहे. अशा कंपनीविषयी लिहिताना एकूण विक्रीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे किती सभासदांनी वर्गणी पुन्हा भरली हा होय. तो मात्र बातमीत बहुधा सापडत नाही.

यंत्र स्वस्त देऊन त्याला वरचेवर लागणारा माल महाग विकण्याच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण तिच्याविषयी एक चुकीची कथा पक्की रुजली आहे. जिलेट यांनी दाढीचे यंत्र जवळजवळ फुकट वाटले आणि पाती विकून पैसा मिळवला, असे व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. किंग कॅम्प जिलेट यांना पेटंट मिळाले १९०४ मध्ये, आणि पेटंट हाती असेपर्यंत कंपनी ते यंत्र ५ डॉलरला, म्हणजे त्या काळाच्या मानाने चढ्या किमतीला विकत होती. साध्या यंत्राची किंमत उतरली ती १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपत आली आणि इतरांनाही तसेच यंत्र बनवण्याची वाट मोकळी झाली तेव्हा. यंत्र स्वस्त देणे हा भाग सोपा आहे. लागणारा माल दुसऱ्या कोणाकडून घेता येऊ नये अशी तजवीज करणे हा कठीण भाग आहे, आणि सगळे उत्पन्न त्यावर अवलंबून असते. आयबीएम आपली गणनयंत्रे भाड्याने देताना माहिती नोंदवण्याची छिद्रांची कार्डेही आपलीच वापरावीत अशी अट घालत असे. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवली. छपाईयंत्रांच्या शाईच्या नळकांड्यांबाबत (कार्ट्रिज) २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा विकलेल्या नळकांड्यावर कंपनीला पेटंटचा हक्क सांगता येत नाही. त्यामुळे रिकामी नळकांडी पुन्हा भरून विकणाऱ्यांना पेटंटच्या आधारे रोखण्याचा मार्ग बंद झाला. अशा निकालांच्या बातम्या कायद्याच्या बातम्या म्हणून छापल्या जातात. त्या एखाद्या कंपनीच्या उत्पन्नाच्या मुळावर आलेल्या असतात, हे अर्थविषयक पानावर यायला हवे.

याच्या शेजारी झेरॉक्सचे उदाहरण ठेवून पाहावे. १९५९ मध्ये आलेले त्यांचे ९१४ हे यंत्र इतके महाग होते की ते विकत घेणे बहुतेक कार्यालयांच्या आवाक्याबाहेर होते. कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. पहिल्या २,००० प्रती त्या भाड्यातच आणि त्यापुढे प्रत्येक प्रतीला ४ सेंट. यंत्रावर प्रती मोजणारे मीटर होते. ग्राहकाला मोठी रक्कम गुंतवावी लागली नाही आणि कंपनीचे उत्पन्न यंत्रे किती खपली यापेक्षा लोक प्रती किती काढतात यावर ठरू लागले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या व्हायपर विमानइंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासामागे ठरावीक दराने देऊ केली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली आणि ही पद्धत विमानउद्योगात सर्वत्र पसरली. येथे लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, सुटे भाग आणि दुरुस्ती विकणाऱ्या कारखानदाराचे उत्पन्न इंजिन बिघडल्यावर वाढते, तर तासाच्या दराने पैसे घेणाऱ्याला तेच बिघडणे आपल्या खिशातून भरून द्यावे लागते. इंजिन तेच आणि कारागीरही तेच, पण पैसे घेण्याची रीत बदलताच टिकाऊपणात कोणाचे हित आहे हेही बदलते. एखादे यंत्र लवकर का मोडते, दुरुस्त का करता येत नाही, असे प्रश्न वाचकांच्या पत्रांतून सतत येतात. त्यांची बरीचशी उत्तरे तंत्रज्ञानात नसून उत्पन्नाच्या या मांडणीत आहेत, असे मला ठामपणे वाटते.

पैसे देणारा आणि सेवा वापरणारा वेगळा असणे, हा तर आपल्या वृत्तपत्र व्यवसायाचाच जुना शिरस्ता आहे. १८३३ मध्ये बेंजामिन डे यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ हे दैनिक १ सेंटला विकायला सुरुवात केली, तेव्हा इतर दैनिकांची किंमत ६ सेंट होती. त्यांचा भरवसा वाचक वाढले की जाहिरातदार येतील यावर होता, आणि तो खरा ठरला. आज गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट याच वाटेने चालते: २०२३ मधील तिच्या सुमारे ३०७ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी सुमारे २३८ अब्ज जाहिरातींचे होते. असा धंदा एकाच वेळी दोन गिऱ्हाइकांना सांभाळत असतो, आणि कोणाकडून किती घ्यायचे हाच त्यातला मुख्य निर्णय असतो. २०१४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे ज्याँ तिरोल यांनी अशा दुहेरी बाजारांवर पायाभूत काम केले आहे. फुकट मिळणाऱ्या सेवेची बातमी देताना तिचा खर्च कोण भागवते हे एका वाक्यात सांगणे अवघड नाही.

ग्राहकांची संख्या हाच यशाचा पुरावा मानण्याचा धोका मूव्हीपास या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत स्पष्ट दिसला. ऑगस्ट २०१७ मध्ये तिने महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये रोज एक चित्रपट पाहण्याची योजना आणली. चित्रपटगृहांना मात्र ती बहुतांश तिकिटांची पूर्ण किंमत मोजत होती, आणि अनेक शहरांत एकाच तिकिटाची किंमत त्या मासिक वर्गणीएवढी किंवा तिच्याहून अधिक होती. पुढच्या वर्षी सभासद ३० लाखांवर गेले, तोटाही त्याच वेगाने वाढला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सेवा बंद पडली. याउलट इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायकडे २०२३ अखेर ६० कोटी वापरकर्ते होते आणि त्यांतील सुमारे २३ कोटी ६० लाख पैसे भरणारे होते. या पैसे भरणाऱ्यांकडूनच एकूण उत्पन्नाचा सात अष्टमांश भाग येत होता. तरीही २००८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीला संपूर्ण वर्षाचा नफा प्रथम दिसला तो २०२४ मध्ये. मिळालेल्या पैशांतला मोठा हिस्सा गाण्यांच्या हक्कदारांना द्यावा लागतो, त्यामुळे उत्पन्नाबरोबर खर्चही चढत जातो. ज्या सॉफ्टवेअरची पुढची प्रत बनवायला जवळजवळ काहीच लागत नाही, त्याच्याशी अशा कंपनीची तुलना करणे योग्य नाही. आणि बातम्यांत मात्र दोघींनाही एकच ‘तंत्रज्ञान कंपनी’ हे नाव मिळते.

पैसे केव्हा येतात, याविषयी शिक्षिका म्हणून एवढेच सांगते की, वर्षाची वर्गणी आगाऊ जमा झाली तर त्या महिन्याचे उत्पन्न तिचा बारावा हिस्सा असते. उरलेले अकरा हिस्से सेवा देईपर्यंत ताळेबंदात देणे म्हणून राहतात. ‘वसुली’ आणि ‘उत्पन्न’ हे शब्द बातमीत एकमेकांच्या जागी वापरले जाऊ नयेत.

फ्रँचायझीचा, म्हणजे मोठ्या कंपनीचे नाव आणि पद्धत वापरून तिची शाखा चालवण्याच्या कराराचा, मुद्दा अधिक निकडीचा आहे, कारण सामान्य वाचक आपली आयुष्याची पुंजी तेथे घालतो. मॅकडोनाल्ड्सची सुमारे ९५ टक्के उपाहारगृहे इतर व्यावसायिक चालवतात. त्यांच्याकडून कंपनीला रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दलचा विक्रीतला हिस्सा, मिळते आणि जागेचे भाडेही मिळते, त्यात भाड्याचा वाटा मोठा आहे. हॅरी सॉनबर्न यांनी १९५६ मध्ये जागा ताब्यात घेऊन त्या पोटभाड्याने देण्यासाठी वेगळी कंपनी काढली, तेव्हापासूनची ही घडी आहे. भाडे विक्रीच्या टक्केवारीवर ठरते, मात्र त्याला किमान मर्यादाही असते. विक्री घटली तर झळ आधी शाखाचालकाला बसते. तरीही चालू विक्रीतून मिळवणाऱ्या मूळ कंपनीला शाखा चालावी असे वाटते. जिचे उत्पन्न मुख्यतः शाखा देताना घेतलेल्या प्रवेशशुल्कातून येते, तिला नवी शाखा देण्याची जितकी घाई असते तितकी जुनी शाखा जगवण्याची नसते. करारावर सही करण्यापूर्वी हा फरक वाचकाला कोणी सांगितला पाहिजे, आणि ते काम जाहिरातीच्या शेजारच्या स्तंभाने करायला हवे.

उत्पन्नाचा उगम विचारणे हे वृत्तपत्राचे काम कसे आहे, याचा सर्वांत भक्कम दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के परताव्याचे वचन देत होते आणि परदेशी टपालाची उत्तरकुपने (उत्तराचा टपालखर्च आधीच भरलेली कुपने) एका देशात घेऊन दुसऱ्या देशात वटवण्यातून हा नफा होतो असे सांगत होते. ‘बोस्टन पोस्ट’ने अर्थपत्रकार क्लॅरन्स बॅरन यांच्याकडून हा हिशेब तपासून घेतला. एवढी गुंतवणूक फेडायला सुमारे १६ कोटी कुपने लागली असती. प्रत्यक्षात चलनात होती सुमारे २७,०००. नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना दिले जात होते, याखेरीज दुसरा उगमच नव्हता. या कामगिरीबद्दल त्या दैनिकाला १९२१ चे लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. बॅरन यांच्याकडे कोणतीही गुप्त माहिती नव्हती, त्यांनी फक्त सांगितलेल्या उगमातून एवढे पैसे येऊ शकतात का, हे मोजले.

म्हणून माझी विनंती अशी की, कंपन्यांच्या निकालांच्या किंवा नव्या उद्योगांच्या प्रत्येक मोठ्या बातमीसोबत एक छोटी चौकट द्यावी आणि तिच्यात पैसे देणारा कोण, तो कशाबद्दल देतो, सेवेच्या आधी देतो की नंतर, आणि एक ग्राहक वाढला तर खर्च किती वाढतो, एवढेच लिहावे. नोंदणीकृत कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत यातले बरेचसे उपलब्ध असते. एखाद्या कंपनीने उत्तर दिले नाही तर ‘कंपनीने ही माहिती दिली नाही’ असे त्याच चौकटीत नोंदवावे. पहिली चौकट वृत्तपत्र व्यवसायाची असावी, असे मी सुचवते: अंकाची किंमत, जाहिराती, डिजिटल वर्गणी आणि इतर उपक्रम यांतून शंभरातले किती येतात, आणि एक अंक छापून पोहोचवण्याचा खर्च त्याच्या किमतीहून किती अधिक असतो, हे आकडे आपल्यापाशीच आहेत.

आपली विश्वासू,
वाणिज्य शाखेची एक शिक्षिका